फणसाच्या चौकटीसाठी पोलादपूरला

आमच्या साताऱ्याकडची माणसं महाबळेश्वरापर्यंत जातात, घोड्यावर बसून फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि मागं फिरतात. डोंगराची पलीकडची बाजू फार थोड्यांनी बघितली आहे. मी बघितली, कारण माझी सासुरवाडी तिकडं. शेवंता, माझी बायको, पोलादपुराच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवरची. लग्न झालं तेव्हापासून किती वेळा तो घाट उतरलो याचा हिशोब नाही, पण दर वेळी ती शेजारी असायची. या वेळी एकटा गेलो. जाऊन आलो ते सांगतो.

मी चौथी शिकलेला सुतार आहे. माझं लिहिणं म्हणजे फळीवर पेन्सिलीनं मापं टाकणं, एवढंच. तेव्हा गोड काही वाचायला मिळेल अशी आशा धरू नका.

शेवंता गेल्या भाद्रपदात गेली. गौरींचं विसर्जन झालं आणि त्याच आठवड्यात ही. ताप आला, छाती भरली, संपलं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

जायच्या आधी तिनं एक काम माझ्या गळ्यात घालून ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ सखाराम. त्याच्या घरावर पावसात मागची दरड आली. माणसं वाचली, घर गेलं आणि परसातला फणस मुळासकट आडवा झाला. शेवंता त्याच फणसाखाली लहानाची मोठी झालेली. तिनं फोनवर भावाला बजावलं, "सखा, लाकूड विकू नको हां. नव्या घराची चौकट त्याचीच कर. आणि दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नको, मी यांना पाठवते."

मग तीच गेली. सखारामनं विषय काढला नाही, मीही काढला नाही. तो फणस कापून महाडच्या वखारीत वाळत पडला. माझी हत्यारांची पेटी खाटेखाली पडली. दसऱ्याला हत्यारं पुजतात. आमच्यात ती पूजा शेवंता करायची. यंदा मी पेटी बाहेर ओढलीसुद्धा नाही.

शिमगा झाला आणि सखारामचा फोन आला. "दाजी, राग मानू नका. भिंती उभ्या हायत, पत्रे चढले. दाराला गोणपाट लावलाय. पाडव्याला घरात जायचं हाय. तुम्हांला नाय जमत तर सांगा, मी महाडवरनं लोखंडी चौकट आणतो. टेन्शन नाय."

लोखंडी! शेवंताच्या बापाच्या घराला, सुताराच्या घराला लोखंडी चौकट! मी म्हणालो, "हात लावू नगंस. येतोय मी." फोन ठेवला आणि मगच हात बघितले. सहा-सात महिन्यांत हत्यार धरलं नव्हतं. घट्टे मऊ पडायला लागले होते.

आंबेनळी घाट

महाबळेश्वराला गाडी बदलली. पेटी पायाशी ठेवली, करवत गोणपाटात गुंडाळून सीटखाली सरकवली. घाट सुरू झाला तशी पहिल्याच वळणाला ती सरकत सरकत मधल्या वाटेत गेली.

"ओ, ही करवत कोणाची?" कंडक्टर ओरडला.

"माझी. गुंडाळलीय की."

"गुंडाळलीय! कोणाचा पाय गेला तर गोणपाटाला विचारू काय? घ्या मांडीवर."

घेतली मांडीवर. सगळा घाट करवत बाळासारखी धरून उतरलो. पोरं बघून हसत होती.

शेजारी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. पोलादपूरच्या बाया वर स्ट्रॉबेरी तोडायला येतात, त्यांतल्या. घाटात खाली बघितलं तर सावरीची झाडं लाल झालेली, आणि खाली शेतांतून धूर उठलेला. त्या म्हणाल्या, राब भाजतायत. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा पालापाचोळा घालून भाजून घ्यायची, मग पावसाला पेरायची. आमच्याकडं असली रीत नाही. आमच्याकडं जमीन आधीच भाजलेली असते, उन्हानं.

"कंच्या गावाला?" त्यांनी विचारलं.

वाडीचं नाव सांगितलं, काम सांगितलं.

"चौकट बसवायला? मग सुतारीण नाय आणलीत? आमच्यात चौकटीला दोघांचा मान असतो. तिला पण लुगडं देतात."

"ती गेली."

 त्यांनी पिशवीत हात घालून चार-पाच स्ट्रॉबेऱ्या माझ्या हातावर ठेवल्या. एक दबलेली होती, ती परत उचलून त्यांनी स्वतः खाल्ली. पोलादपूर येईपर्यंत बोलल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. आमच्याकडं माणसं फार समजूत घालतात.

पोलादपूर आणि वाडी

पोलादपुरात गाडीतून उतरलं की पहिलं काय होतं, तर सदरा पाठीला चिकटतो. मार्च असून हवा भिजलेली. हमरस्त्यावर ट्रकांचा आवाज. वडापावच्या गाडीपाशी सखाराम उभा होता. मला बघून पुढं आला, पाया पडायला वाकला आणि तसाच खाली राहिला. मी म्हणालो, "ऊठ रे, ट्रक येईल अंगावर." उठला, डोळे पुसले, म्हणाला, "वडा खाता?" वडा गरम होता. आत लसूण जास्त. खाल्ला.

सखारामची ओळख सांगतो. माझे सासरे त्या भागातले नावाजलेले सुतार. हा त्यांचा एकुलता मुलगा, पण याला लाकूड कधी भावलं नाही. तरुणपणीच मुंबईला गेला, बिल्डिंगींवर रखवालदारी केली, म्हातारपणी परत आला. माणूस लाख मोलाचा, पण रंध्याची पात कुठल्या बाजूनं बसते हे त्याला विचारू नका.

वाडीवर गेलो. रस्त्याच्या अंगाला नवीन घर, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. दाराच्या जागी भोक आणि भोकाला गोणपाट. सखारामची बायको पारू बाहेर प्लास्टिकच्या कागदाखाली तीन दगडांवर स्वयंपाक करत होती. तिकडची रीत अशी की चौकट बसल्याशिवाय आत चूल पेटवायची नाही. चौकटीशिवाय घर म्हणजे नुसता आडोसा. आमच्याकडं एवढं पाळत नाहीत. आमच्याकडं गॅसची टाकी आधी आत जाते, माणसं मागनं.

पारूनं ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीची फोड. आम्ही ज्वारीची माणसं. तांदळाची भाकरी खाताना मला नेहमी वाटतं की जेवण अजून सुरू व्हायचंय. शेवंतानं आयुष्यभर माझ्या घरी ज्वारीची थापली, पण तब्येत बिघडली की तांदळाचीच मागायची.

"दाजी, अजून एक?" पारू म्हणाली.

"वाढ."

तिनं दोन वाढल्या. 

महाड

दुसऱ्या दिवशी सखाराम आणि मी टेम्पो घेऊन महाडला गेलो. त्या दिवशी चवदार तळ्यावर माणसांचा पूर. निळे झेंडे, पांढरे कपडे, लांबलांबून आलेल्या बाया कडेवर पोरं घेऊन. टेम्पो अलीकडंच अडला तेव्हा उतरून मीही गर्दीतून तळ्यापर्यंत गेलो. एका म्हातारीनं पायरीवर बसून पाण्यात हात घातला आणि ओला हात नातीच्या तोंडावरून फिरवला. पाण्याला हात लावण्यासाठी माणसांना इथं लढावं लागलं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग वखारीत गेलो.

वखार हसनभाईंची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. तरुणपणी आखातात गेले, तिथं इमारतींच्या स्लॅबना फळ्या मारल्या, परत येऊन ही वखार घातली. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मळकी रेघ होती. मी बघतोय हे बघून म्हणाले, "पुराची. लाकडं सगळी तरंगत गेली, मिस्त्री. काही स्वतःच परत आली, बिचारी."

फणस त्यांनी चांगला कापून, थर लावून वाळवला होता. पिवळाधमक. लांब तुकडे पाच: दोन चौकटीच्या बाह्यांना, म्हणजे दोन बाजूच्या उभ्या लाकडांना, एक खालच्या उंबऱ्याला, एक वरच्या गणेशपट्टीला, आणि एक मागच्या दारासाठी शिल्लक. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला गेरू फासलेला.

"बुंध्याचं टोक ते," हसनभाई म्हणाले. "झाड उभं होतं तसंच उभं करा. उलटं नको."

हे मला माहीत होतं. झाडाचं जे टोक जमिनीकडं होतं तेच चौकटीतही खाली यायला पाहिजे. उलटं लावलं तर घर डोक्यावर उभं राहिल्यासारखं. सासरे याबाबत फार कडक होते. आमच्या देशावर सुतारकी म्हणजे बैलगाडी; चाक फिरतं, चाकाला बुंधा कुठला नि शेंडा कुठला. इकडं सुतारकी म्हणजे घर.

"चला, जेवून घ्या," हसनभाई म्हणाले. घर वखारीच्या मागंच. सखाराम टेम्पो भरायला थांबला. रमजान चालू होता. मी म्हणालो, "तुमचा रोजा, आणि मी तुमच्यासमोर खाऊ?"

"रोजा माझा हाय, तुमचा नाय. पाहुणा उपाशी गेला तर माझा पण फुकट जाईल. बसा."

त्यांच्या सुनेनं भाकरी आणि सुकटीचं कालवण आणून ठेवलं. सुकट झणझणीत. मी खात होतो आणि हसनभाई समोर बसून बोलत होते, खाणाऱ्याकडं न बघता, भिंतीकडं बघत. ही अदब मी विसरणार नाही.

बोलता बोलता पहिला सुतार कोण यावर आलो. मी म्हणालो, विश्वकर्मा. त्यानं देवांची घरं बांधली.

"आमच्यात नूह नबी," हसनभाई म्हणाले. "अल्लाचा हुकूम झाला, नाव बांध. बांधायला बसले. लोक हसायचे, पाणी नाय नि म्हातारा नाव बांधतोय. मग पाणी आलं. महाडकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाय."

"आमचा त्याच्या आधीचा असंल."

"असंल बाबा. मग मला एवढं सांग, तुझ्या विश्वकर्म्याच्या पहिल्या कुऱ्हाडीला दांडा कशानं तासला? कुऱ्हाडीशिवाय दांडा नाय नि दांड्याशिवाय कुऱ्हाड नाय."

"तुमच्या नबींनी कशानं तासला?"

"तेच तर मला पण कळत नाय," असं म्हणून ते इतके हसले की सून दारातून बघायला आली.

हसत बाहेर आलो. टेम्पो भरून तयार. सखारामनं दोर बांधला होता, घामाघूम. "चला दाजी, लायनीत रचलंय सगळं, फिट."

वाडीवर येऊन लाकडं उतरवली आणि माझं डोकं फिरलं. एकाही टोकाला गेरू नव्हता.

"सखाराम, गेरू कुठं गेला?"

"ती रंगलेली टोकं? टेम्पोचं मागचं फळकूट लागत नव्हतं. तुम्ही जेवत होता तेवढ्यात वखारीतल्या पोरांकडनं पाच-सहा बोटं कापून घेतली. सगळी एका बाजूला करूनच कापली हां, दाजी, वेडीवाकडी नाय."

"आणि मग?"

"मग भरली. उलटसुलट, म्हणजे वजन सारखं पडतं."

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "सुताराचा पोरगा तू!"

"सुताराचा, पण रखवालदार," तो खाली मान घालून म्हणाला. पारू तोंडाला पदर लावून हसली. मलाही पुढं रागावता येईना.

काम

म्हटलं, असू दे. इतकी वर्षं लाकूड बघतोय, मला दिसतं. एकेक तुकडा उन्हात धरला, रेषा बघितल्या आणि खडूनं खुणा केल्या, हा बुंधा, हा शेंडा. मधोमध दोरी बांधून तोलून बघायची रीत आहे. बुंधा जड, तो खाली झुकतो. ते केलं नाही. तेवढं कशाला, असं वाटलं.

पेटी उघडली. पटाश्यांवर गंज चढला होता. दिवसभर नुसतं दगडावर घासत बसलो.

मग सूत काढलं. सुताराला सगळ्यात आधी लागतं ते सूत. दोरा गेरूत भिजवायचा, लाकडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, मध्ये चिमटीत उचलून सोडायचा. लाल सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर करवत चालवायची. सुताला दोन टोकं असतात. माझ्याकडं दुसरं टोक शेवंता धरायची. लग्न झाल्यापासून. पीठ मळता मळता हात धुवून यायची, टोक अंगठ्यानं दाबायची आणि परत पिठाकडं.

पारू जवळ येऊन उभी राहिली. "दाजी, मी धरते."

"नगं. खिळा हाय की."

खिळा ठोकला, त्याला सूत गुंडाळलं आणि काम चालवलं. खिळा सूत चांगलं धरतो. पहिले दोन दिवस काम सावकाश चाललं, मग हातांना आठवलं. फणसाचं लाकूड कापताना एक गोडसर वास येतो. त्या वासानं मला दोनदा उठून विहिरीकडं जावं लागलं. सखाराम विचारायचा, "पाणी पाहिजे काय?" मी म्हणायचो, "व्हय."

उंबरा झाला. गणेशपट्टीवर गणपती कोरला. सोंड थोडी जाड झाली. बाह्यांना भोकं पाडली, सांधे बसवून बघितले, एकदम चपखल. पाडव्याच्या आदल्या सकाळी चौकट अंगणात जमिनीवर आडवी जोडून ठेवली होती. खुंट्या मारायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आजूबाजूची माणसं बघून जात होती. एकजण म्हणाला, "लोखंडीपेक्षा भारी हाय रे, सखा."

पारू भांडी घासून आली. वाकली आणि उजव्या बाहीवरनं ओला तळवा फिरवला. या बाजूनं, मग त्या बाजूनं. परत एकदा.

"दाजी," ती म्हणाली, "ही उलटी हाय."

"काय उलटी?"

"हिचा शेंडा खाली आलाय. हात त्या अंगानं फिरवला की अडतो. वन्संनी शिकवलं होतं मला. त्या म्हणायच्या, आमचे हे डोळ्यानं बघतात नि चुकतात, मग मी हात फिरवून सांगते."

 खरं होतं ते. शेवंता प्रत्येक लाकडावरनं हात फिरवायची. मला वाटायचं, धूळ पुसते. मग सहज बोलल्यासारखं म्हणायची, "हे इकडनं लावा, बरं दिसंल." आणि मी लावायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला दिसतं.

"आता कसलं उलटं नि सुलटं काढलंस!" सखाराम बायकोला म्हणाला. "उद्या पाडवा. कोणाला कळणार हाय? अ‍ॅडजस्ट करा दाजी, रंग मारला की झालं."

मी बाही सांध्यातून काढली, मधोमध दोरी बांधली आणि उचलली. वरचं टोक म्हणून खूण केली होती ते सावकाश खाली झुकलं. डावी उचलली, ती बरोबर निघाली. मी बाजूच्या दगडावर बसलो.

नुसती फिरवून भागत नाही. फिरवली तर दाराची खाच भलत्या बाजूला येते. बाही नवीनच करायला पाहिजे, आणि हातात एक दिवस. माझ्या मनात आलं, सखाराम म्हणतो तेच करावं. कोणाला कळणार? मग वाटलं, तिच्याच फणसाचं लाकूड, तिनंच दिलेला शब्द, आणि मी ते डोक्यावर उभं करून घरी जाणार. घरी जाऊन तिच्या फोटोसमोर कोणत्या तोंडानं बसणार?

"मागच्या दाराचा तुकडा आण," मी म्हणालो.

आधी दोरीनं तोलला. मग पारूला म्हणालो, "तू पण बघ." तिनं तळवा फिरवला. दोघांचं एक आलं. खिळा ठोकायला गेलो तर टोक वाळून कोरडं झालेलं, टचकन तडा गेला. दुसरा ठोकला असता तर फाकत गेलं असतं.

पारूनं हात पुढं केला. मी सुताचं टोक दिलं. तिनं अंगठा तोंडात ओला करून घेतला आणि दाबला. मी माझं टोक ताणलं, मध्ये चिमटी घातली, उचललं.

"थांबा," ती म्हणाली. "सरकलं."

मी थांबलो. मला हे शब्द माहीत होते. खिळा सूत धरतो, पण सरकलं तर सांगत नाही. सात महिने मला कोणी थांबा म्हटलं नव्हतं. घरी मुलगा आहे, सून आहे, ती चांगली आहेत. जेवा म्हणतात, झोपा म्हणतात. थांबा, तुमचं चुकतंय, असं म्हणणारं माणूस एकच असतं.

"सोडा आता," पारू म्हणाली. मी सोडलं. लाल रेघ उमटली, सरळ.

मग दिवसभर आम्ही काम केलं. मी कापायचो, ती धरायची, सखाराम लाकडावर बसून ते हलू द्यायचा नाही, तेवढं रखवालदारीचं काम त्याला जमलं. मी हसनभाईंच्या नबींची आणि विश्वकर्म्याची गोष्ट सांगितली.

पारू म्हणाली, "आमचे मामंजी काय म्हणायचे ठाऊक हाय? कुऱ्हाड काय, कोणी पण चालवतो, लाकूडतोड्या पण चालवतो. सूत धरलं तेव्हा सुतार झाला. त्याच्या आधी नुसती तोडातोड."

"बरोबर बोलायचे."

"पण मग मी त्यांना विचारलं, मामंजी, ते पहिलं सूत काढलं कोणी? पुरुष बसले होते काय सूत काढत? बाईनंच काढलं असंल. मग पहिला सुतार कोण झाला?"

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, सूनबाय, चहा टाक."

सखाराम इतका हसला की लाकडावरनं घसरला आणि करवत अडकली. मी ओरडलो. पण हसतच ओरडलो. माझा मलाच तो आवाज अनोळखी वाटला.

ऊन उतरायच्या आत बाही झाली. खाच थोडी खोल गेली आहे, कोणी बघायला गेलं तर दिसेल. मला चालते.

पाडवा

पाडव्याला सकाळी चौकट उभी केली. ओळंबा सोडून सरळ आहे का बघितलं. उंबऱ्याखाली हळदकुंकू, तांदूळ. वाडीची माणसं अंगणात जमली. गुढी उभी राहिली. पारू बाहेरच्या चुलीवर शेवटचा भात करत होती. तो झाला की निखारे आत न्यायचे आणि आतली चूल पेटवायची.

तिकडची रीत सखारामनं मला तेव्हा सांगितली. चौकट बसली की सुतारानं आत उभं राहायचं, घरधन्यानं नारळ घेऊन बाहेर. तोपर्यंत घर सुताराचं. घरधनी विचारतो, चौकट कोणी बसवली? सुतार आपलं नाव सांगतो, सगळ्यांनी ऐकावं असं मोठ्यानं. मग घर धन्याचं. आमच्याकडं असं काही नाही. आमच्याकडं सुताराला टोपी देतात आणि तो चहा पिऊन जातो.

मी आत जाऊन उभा राहिलो. आत चुन्याचा वास, जमीन गार. चौकटीतून बाहेर बघितलं तर सखाराम उन्हात उभा, नवा सदरा, दोन्ही हातांत नारळ. त्याच्या मागं माणसं, त्यांच्या मागं डोंगर आणि त्यावर दरडीची तांबडी जखम.

"चौकट कोणी बसवली?" सखाराम म्हणाला. 

माझं नाव तोंडाशी आलं होतं. आयुष्यभर तेच सांगत आलो.

"शेवंतानं," मी म्हणालो. "शेवंता सुतारणीनं. मी हाताखाली होतो."

 सखाराम नारळ घेऊन तसाच उभा राहिला. खाली बघेना, वर बघेना. फोडायचं भानच नाही. एक म्हातारा मागनं म्हणाला, "अरे सखा, नारळ!"

तेवढ्यात पारू चुलीपासून ओरडली, "अवो, फोडा की! भात लागला खाली!"

सखारामनं डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि नारळ फोडला. पाणी उंबऱ्यावर उडालं. मी बाजूला झालो, आणि एकेक करून माणसं आत आली.